स्त्रातीसचं पिंप

“पिंप रिकामं राहता कामा नये, माणूस राहिलं तरी चालतं,” असं रोदांथी एकदा म्हणाली होती.

फेब्रुवारीतली दुपार होती. मळ्यातली छाटणी उरकून ती खाली उतरत होती, पाठीवर छाटलेल्या काटक्यांची मोळी होती, आणि शेजारच्या पागोनानं उंबऱ्यातून विचारलं होतं, एवढा जीव कशाला काढतेस म्हणून. रोदांथी थांबली नाही. चालता चालताच ती ते बोलली आणि वळणाआड गेली. पागोनानं ते वाक्य उचललं आणि संध्याकाळी कॉफीच्या दुकानात नेलं. खारुपोस गावाला म्हणी आवडतात, त्यांना खायला घालावं लागत नाही. तेव्हापासून कुणाची पाण्याची टाकी आटली, कुणाच्या गाडीतलं डिझेल संपलं, की कुणीतरी म्हणायचं, “माणूस राहिलं तरी चालतं,” आणि बाकीचे हसायचे. रोदांथीही हसायची. तिला नेमकं काय म्हणायचं होतं, हे मात्र तिला कुणी विचारलं नाही.

पिंप तिचं नव्हतं. तिच्या धाकट्या भावाचं होतं.

किसामोसच्या खाडीवरच्या या डोंगरगावांत मुलगा झाला की बाप त्याच वर्षीच्या तोडणीला एक पिंप भरून ठेवतो. पुढच्या फळीवर चाकूनं मुलाचं नाव कोरतो. ते पिंप मुलाच्या लग्नात उघडायचं, अंगणात, आणि तोवर त्यातल्या थेंबाला कुणी ओठ लावायचा नाही. पण लाकूड काही शपथ पाळत नाही. ते दर वर्षी आपला घोट घेतंच. जेवढं आटेल तेवढी त्याच मळ्यातली नवी वाइन वरून ओतावी लागते. थोडी हवा आत हवीच, तिच्याशिवाय ती वाइन जुनी होत नाही. पण फार झाली तर आतलं सगळं आंबून जातं, फळ्या सुकतात, सांधे उघडतात. मग ते पिंप कोंबड्यांना अंडी घालायला.

स्त्रातीस जन्मला तेव्हा रोदांथी लहान होती, पण तो दिवस तिला आठवत होता. दगडी कुंडात बापाबरोबर तीही द्राक्षं तुडवायला उतरली होती आणि पुढं कितीतरी दिवस तिचे पाय जांभळे राहिले होते. या मळ्यातलं द्राक्ष रोमेइको. त्याचा घड कधी एकसारखा पिकत नाही. एकाच देठावर काळे मणी, लाल मणी, आणि मधेच काही अजून हिरवट, एका घरातल्या माणसांसारखे. बाप खारिदिमोस पिंपावर वाकून नाव कोरत होता तेव्हा तिनं विचारलं होतं, “आणि माझं?”

“तुझं तुझ्या नवऱ्याच्या घरी भरून ठेवलंय,” बाप म्हणाला. “आता फक्त घर शोधायचंय.”

तळघरात होते तेवढे पुरुष हसले. तिला वाटलं होतं, खरंच कुठंतरी भरून ठेवलं असेल.

घर सापडलंही होतं. खालच्या गावचा मारिनोस, गवंडी. हात मोठे, बोलणं कमी. त्याला पिरेयसच्या बंदरावर काम मिळत होतं आणि लग्न करून तिला तिकडं न्यायचं होतं. पण त्याच्या आधी स्त्रातीस मेलबर्नला गेला, दोन उन्हाळ्यांत परत येतो म्हणून. त्याच्या पाठोपाठ बापाचं अर्धं अंग गेलं. आई तर त्याच्याही आधी गेलेली. मारिनोस दर रविवारी यायचा, अंगणात तुतीखाली बसायचा, चीज भरलेली पोळी खायचा आणि म्हाताऱ्याच्या मांडीवर पडलेल्या त्या मेल्या हाताकडं बघत राहायचा. एका रविवारी तो आला नाही. भांडण कुणाचंच झालं नाही. भांडायलाही अंगात काही लागतं.

स्त्रातीसनं तिकडंच लग्न केलं. एका हॉलमध्ये. फोटो आला, बापानं तो पिंपावर ठेवायला लावला, आणि ओल लागून नवरा-नवरी दोघांचेही चेहरे गेल्यावर काढायला लावला. “हॉलमधलं लग्न ते लग्न नव्हे,” वाकड्या तोंडानं तो म्हणाला. “पिंप या अंगणात उघडायचं.” मरायच्या आदल्या दिवशी त्याचे शब्द जवळजवळ संपले होते. जे उरले होते ते त्यानं तिच्यासाठी ठेवले. “स्त्रातीस येईपर्यंत आटू देऊ नको.”

तिनं आटू दिलं नाही.

वर ओतायला लागायची ती दोन-तीन सुरया वाइन. पण त्या सुरयांसाठी मळा जिता ठेवावा लागतो, आणि मळ्यासाठी एक अख्खं माणूस लागतं. फेब्रुवारीत छाटणी. मार्चमध्ये वेलींच्या बुडाशी खणायचं. मेमध्ये तोंडाला फडकं बांधून गंधक मारायचं, रात्री उशीलाही त्याचा वास. ऑगस्टमध्ये पाखरं आणि गांधीलमाश्या. सप्टेंबरात तोडणी, तुडवणी, मग तळघरात शिडी लावून, नरसाळं धरून, भावाच्या पिंपाची तहान भागवायची. उरलेली वाइन खालच्या खानावळीत जायची, चोथा गावच्या भट्टीत. मग पाऊस, मग पुन्हा फेब्रुवारी. ती पिंपावर बोटानं टकटक करायची आणि आवाजावरून तिला कळायचं किती आटलंय. भरलेलं पिंप दगडासारखं बोलतं. रिकामं होऊ लागलं की त्याला आवाज फुटतो.

स्त्रातीस वाईट माणूस नव्हता. सणासुदीला फोन करायचा आणि आधी विचारायचा, “कसं आहे माझं पिंप?” मग म्हणायचा, “आणि तू?” मग रडायचा. दूर गेलेली माणसं लवकर रडतात. एका ईस्टरला तिनं मन घट्ट केलं आणि बोलून टाकलं.

“स्त्रातीस, मी दमले.”

तारेवर थोडा वेळ समुद्र वाजला.

“मीपण गं,” तो म्हणाला. “इथं दमूनच जातो माणूस. दुकान सकाळी उघडायचं, मासे तळायचे, तेलाचा वास कातड्यात शिरलाय. तुझं बरं आहे. तू आपल्या मातीत आहेस.”

“हो,” ती म्हणाली.

त्यानंतर तिनं तो शब्द पुन्हा वापरला नाही.

गेल्या हिवाळ्यात तिचे गुडघे बोलू लागले. हान्या शहरातल्या डॉक्टरनं फोटो काढले, उजेडाला धरले आणि म्हणाला, “बाई, डोंगर बंद.” येताना बस किसामोसला बदलायची होती. मधल्या वेळात ती सपाट रस्त्यावरून चालत राहिली. सपाट रस्ता ही काय चीज असते ते ती विसरली होती. पाय टाकला की तो तिथंच राहतो. बेकरीच्या वर एक खोली भाड्यानं होती: एक खिडकी, एक पलंग, समोर समुद्र, खाली पावाचा वास. बेकरीवाली कालिरोई तिला लांबून ओळखत होती. “ऑक्टोबरअखेर, संत दिमित्रिसच्या सणापर्यंत ठेवते तुझ्यासाठी,” ती म्हणाली. “त्यानंतर शाळेतली एक मास्तरीण मागतेय.”

रोदांथी त्या पलंगाच्या कडेवर बसली होती. गादी दाबून बघितली नाही, खिडकी उघडून बघितली नाही. नुसती बसली. सकाळी डोळे उघडले आणि कुठंच चढायचं नाही, असा एक दिवस तिला दिसला. तेवढंच तिला हवं होतं. मळ्याचंही तसं काही अडत नव्हतं. पागोनाच्या जावयाला तिथं अवोकाडो लावायचे होते, आणि पागोना ते रोज न सांगता सांगत होती. अडत होतं ते पिंप. भरल्या पिंपाला सोडून जाणारी बाई या गावात आजवर झाली नव्हती. आणि खरं सांगायचं तर तिलाही ते जमलं नसतं. रात्री समुद्राच्या आवाजात तिला ते आटताना ऐकू आलं असतं.

सुटकेचा एकच रस्ता होता, आणि तो रिवाजातच होता. पिंप उघडायचं ते मालकानं. उघडल्यावर पाहुण्यांनी ते तळाला लावलं, की त्याचं काम संपलं. धुऊन उलटं घालायचं आणि विसरून जायचं. कधीकधी मालक तळाशी थोडी जुनी वाइन राखून ठेवतो. तिला ‘आई’ म्हणतात. तिच्यावर नवी ओतायची आणि पुढच्या नावासाठी पिंप पुन्हा चालू. पण ते गावात राहणाऱ्या मुलांसाठी. समुद्रापलीकडच्या मुलांना पिंप नसतं. स्त्रातीसचा मुलगा मेलबर्नला जन्मला तेव्हा कुणी त्याच्यासाठी पिंप भरलं नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

म्हणजे स्त्रातीसनं यायला हवं होतं. एकदाच.

वसंतात त्या मुलाला, खारिदिमोसला, मुलगा झाला. आजोबाचं नाव लावलेला हा भाचा फोनवर चेहरा दाखवून बोलायचा, मोडक्यातोडक्या बोलीत, पण प्रेमानं. बाळ दाखवलं. शेजारी त्याची बायको मेगन, लाल केसांची, झोप न झालेली.

“नाव काय ठेवताय?” रोदांथीनं विचारलं.

“मेगनला ऑस्कर आवडतंय, आत्या.”

“ऑस्कर.” तिनं ते तोंडात फिरवून बघितलं. “कुत्रा चांगला होईल.”

खारिदिमोस हसला. मेगननं काय म्हणाली म्हणून विचारलं, आणि त्यानं काहीतरी वेगळंच सांगितलं असावं, कारण तीही हसली.

मग रोदांथीनं आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. मागणी केली. “पहिला नातू आहे. आजोबाचं नाव लावा. तुझ्या बापानं तुला त्याच्या बापाचं नाव लावलं, तसं. आणि बाप्तिस्मा इथं करा, आपल्या चर्चमध्ये. तुझ्या बापाला घेऊन या. त्याचं पिंप वाट बघतंय. ते त्याच्या लग्नात उघडलं नाही, नातवाच्या नावाला उघडेल. मी काही मागत नाही रे कधी.”

भाच्याचे डोळे भरले. बापावर गेला होता. “नाही मागत तू कधी,” तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर ती खुर्चीत बसून राहिली. आपण इतकं सरळ कपट करू शकतो हे तिला ठाऊक नव्हतं. थोडी लाज वाटली, पण लाज वाटायलाही ती दमलेली होती.

ऑक्टोबरात बाप्तिस्मा ठरला, संत दिमित्रिसच्या सणाच्या जरा आधी. तिनं कालिरोईला निरोप धाडला, खोली माझी. मग काठी घेऊन ती आमंत्रणाला निघाली. घरोघर गेली. वरच्या वाडीत गेली, खिंडीपलीकडं गेली, ज्यांच्याशी तिच्या बापाचं मेंढ्यांवरून वाकडं होतं त्यांच्याही दारात उभी राहिली. तिच्या हिशेबात माणसं नव्हती, घसे होते.

“अगं, कोण येतंय नक्की?” पागोनानं विचारलं. “बाळाचा बाप्तिस्मा आहे की पंतप्रधानाची सभा?”

“एवढं मोठं पिंप आहे. कोण पिणार?”

“तू आणि उधळपट्टी. तुझ्याकडं मी एक लिंबू मागितलं तर तू अर्धं देतेस.”

“अर्धंच लागतं तुला.”

“जावई विचारत होता,” पागोना म्हणाली, आणि भिंतीवरून खाली बघू लागली, जणू जावई खाली पडलाय. “म्हणजे असंच. तब्येत कशी आहे म्हणून.”

“त्याला सांग, अवोकाडोची रोपं आणून ठेव.”

पागोनानं मान वर केली. ती पुष्कळ बोलणारी बाई होती, पण त्या वेळी तिनं फक्त क्रूस काढला, छातीवर, घाईघाईनं.

स्त्रातीस आला तो म्हातारा होऊन. रोदांथीनं त्याला फोनमध्ये बघितलं होतं, पण फोनमधल्या माणसाला पाठ नसते. त्याची पाठ वाकली होती. अंगणात पाऊल टाकल्यावर त्यानं तुतीला हात लावला, विहिरीच्या कठड्याला लावला, मग तिला मिठी मारली. खरंच त्याच्या कातड्यात तेलाचा वास होता. तिला त्याची कीव आली. ही कीव आत्ता नको होती.

“तू तशीच आहेस,” तो म्हणाला.

“तुझे डोळे तपासून घे.”

चर्चमध्ये बाळ जीव खाऊन रडलं. गावच्या पाद्र्यानं, पापा-योसिफनं, त्याला उघडं करून, तेल चोळून, तीनदा पाण्यात बुडवलं आणि नाव घेतलं: एफ्स्त्रातिओस, म्हणजे घरचा स्त्रातीस. रोदांथी मागं खांबाला टेकून उभी होती. ते नाव घुमटात जाऊन परत खाली आलं आणि म्हाताऱ्या स्त्रातीसनं रुमाल तोंडावर धरला. तिला वाटलं, झालं. अर्धं झालं.

दुपारी अंगण भरलं. बोकड उकडून त्याच्या रसात भात शिजवला होता, वर मेंढीचं लोणी. तळघराचा दरवाजा दोन्ही बाजूंनी उघडला होता. स्त्रातीस लाकडी हातोडा घेऊन आत गेला, मागोमाग पुरुष, आणि दाराशी रोदांथी. त्यानं कोरलेल्या नावावरून अंगठा फिरवला. अक्षरांत काळं साचलं होतं. बापाचा चाकू शेवटच्या अक्षरावर घसरला होता, तो ओरखडाही तसाच. त्यानं तोटी बसवली, दोन ठोके घातले, पहिला पेला भरला आणि दाराच्या उजेडात धरला.

लाल नव्हती ती आता. जुन्या कौलांचा रंग. रोमेइको तरुणपणी लाल असते आणि जरा उर्मट. मग वर्षांमागून वर्षं तिच्यातला रंग निघून जातो आणि जोर राहतो. माणसांचं उलटं होतं. वास आला तो अक्रोडाच्या सालीचा आणि सुक्या अंजिराचा. स्त्रातीसनं एक घोट घेतला आणि डोळे मिटले.

“बाबा,” तो म्हणाला.

पापा-योसिफनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पुरुषांनी माना हलवल्या. रोदांथी पिंपाकडं बघत होती. बापानं ओतलेलं त्यात आता कितीसं असेल? लाकडानं ते केव्हाच पिऊन टाकलं होतं. वरून जे जे गेलं ते तिनं छाटलेलं, तिनं तुडवलेलं. पण हे सांगण्यासारखं नव्हतं, आणि तिला ते कुणाकडून ऐकायचंही नव्हतं. तिला फक्त ते संपायला हवं होतं.

तिनं सुरई तोटीखाली धरली.

मग ती ओतत राहिली. सुरई भरायची, अंगणात न्यायची, पेले भरायचे, परत. कुणी पेल्यावर हात ठेवला तर ती हात बाजूला करायची. खिंडीपलीकडचे आधी बिचकत होते, मग मोकळे झाले. मेंढ्यांच्या भांडणातला म्हातारा तिच्या बापाच्या नावानं प्यायला. मेगनलाही तिनं अर्धा पेला दिला. त्या पोरीनं तो संपवला, लाल झाली आणि स्वतःच्या भाषेत काहीतरी मनापासून बोलली.

“आज हात सैल सुटलाय तुझा,” पागोना म्हणाली. “आजारी नाहीस ना?”

“पी गं.”

“पितेय. तूच तेवढी कोरडी आहेस.”

हे खरं होतं. तिला कुणी ओतलं नव्हतं, कारण सुरई तिच्याच हातात होती.

स्त्रातीसनं उभं राहून पेला उंच केला. बापासाठी, आईसाठी, मग तो तिच्याकडं वळला. “आणि माझ्या बहिणीसाठी. हिनं राखलं.” सगळ्यांनी पेले वाजवले. तो मनापासून बोलला होता. तिनं मान हलवली आणि सुरई घेऊन आत गेली.

दर खेपेला ती पिंपावर टकटक करत होती. आधी वरच्या कडीपाशी आवाज फुटला. मग मधल्या. ऊन तुतीवरून भिंतीवर सरकलं आणि आवाज आणखी खाली उतरला. पिंप आता विहिरीसारखं बोलत होतं. रोदांथी क्षणभर त्याला टेकून उभी राहिली. गुडघे जळत होते. पण तिच्या डोळ्यांपुढं पलंग होता, आणि खालून येणारा पावाचा वास. आणखी एक फेरी. फार तर दोन. मग तोटीतून गाळ येईल, पुरुष ओरडतील, कुणीतरी पिंप वाकडं करील, आणि संपलं.

बाहेर सारंगी लागली होती. तिनं सुरई पुन्हा तोटीखाली धरली, तेवढ्यात पाठीमागून हात आला आणि तोटी बंद झाली.

“बस,” स्त्रातीस म्हणाला. “आणखी नको.”

त्याच्या कडेवर बाळ होतं, बाप्तिस्म्याच्या पांढऱ्या कपड्यांत, झोपेला आलेलं. मागून खारिदिमोस, मेगन, पापा-योसिफ, पागोना, मग ज्यांना ज्यांना दारात जागा मिळाली ते सगळे.

“अजून आहे रे,” रोदांथी म्हणाली. “लोक तहानलेत.”

“त्यांना टेबलावरची पुरेल. आता तळाला ‘आई’ राहिलीय. तिला हात लावायचा नाही.” तो आत आला, खाली वाकला, आणि बाळाचा इवला तळवा त्यानं कोरलेल्या अक्षरांवर टेकवला. “काल रात्री झोप लागेना. पडल्या पडल्या विचार करत होतो. नाव तेच. बघा, काही कोरायचीही गरज नाही. बाबांनी याच्यासाठीच कोरलं म्हणायचं.”

लोक हसले. ते खरंच सुंदर होतं. पापा-योसिफनं क्रूस काढला. पागोना मात्र हसली नाही. तिनं रोदांथीकडं बघितलं आणि लगेच नजर जमिनीला लावली.

“आजपासून हे याचं,” स्त्रातीस म्हणाला. “मेलबर्नचा असला म्हणून काय झालं? याचं लग्न इथं करू. या अंगणात. मी नसेन तेव्हा. पण पिंप असेल.” त्यानं रोदांथीकडं हात केला. “आत्या आहे ना. हिनं माझं राखलं, याचंही राखील.”

“आत्या,” खारिदिमोस म्हणाला. त्यानं तिचा खांदा दाबला.

तिनं नाव मागितलं होतं. आग्रह धरून, गळ घालून, आयुष्यातली एकुलती एक मागणी खर्च करून, तेच नाव मागितलं होतं. ऑस्कर असता तर आज फळीवर दुसऱ्याचं नाव राहिलं असतं आणि पिंप उलटं पडलं असतं. हा रिवाज तिला जन्मापासून ठाऊक होता, पण लक्षात तेव्हा आला जेव्हा बाळाचा तळवा लाकडावर टेकला. ते बोटं उघडमीट करत होतं. त्याची काय चूक?

कोपऱ्यातल्या छोट्या पिंपात यंदाची वाइन होती, अजून कोवळी, अजून फसफसणारी. तीही तिनंच तुडवलेली, काठीला धरून. स्त्रातीसनं बाळ मेगनकडं दिलं, रोदांथीच्या हातातली सुरई घेतली, त्या छोट्या पिंपाशी जाऊन स्वतः भरून आणली. जुन्या सुरईत नवी वाइन पार लाल दिसत होती. त्यानं ती दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरली, चर्चमध्ये धरतात तशी.

“तूच ओत,” तो म्हणाला. “पहिली तुझ्या हातची पडू दे. तुझा मान.”

रोदांथीनं सुरई घेतली. जड होती. कुणीतरी पिंपाला शिडी लावली, वरचं बूच काढलं. आतून ओला, जुना श्वास बाहेर आला. तिनं तो आयुष्यभर एकटीनं घेतला होता. आता एवढी माणसं तो घेत उभी होती. बाहेर सारंगी थांबली. मेगननं फोन वर धरला होता.

तिनं शिडीकडं बघितलं. मग भावाकडं. त्याचा चेहरा ओला होता आणि लहान मुलासारखा उघडा होता. त्यात तिच्याविषयी काही वाईट नव्हतं. शोधूनही सापडलं नसतं.

तिनं सुरई परत त्याच्या हातांत दिली. नीट दिली, सांडू नये म्हणून तळाशी हात लावून. ओले हात फडक्याला पुसले. फडकं कमरेचं सोडलं आणि शिडीच्या खालच्या पायरीवर ठेवलं. मग ती वळली. दारातल्या माणसांनी तिला वाट दिली.

“नरसाळं आणायला चालली,” कुणीतरी हळूच म्हणालं.

नरसाळं दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याला टांगलेलं होतं, नेहमीसारखं. रोदांथी त्याच्या जवळून गेली. अंगण ओलांडलं, तुतीखालच्या टेबलांमधून, अर्धे भरलेले पेले आणि हाडं यांच्यामधून. कोपऱ्यातली काठी घेतली. फाटक उघडलं, आणि खाली किसामोसकडं जाणाऱ्या रस्त्याला लागली.